परसातल्या कोंबड्यांना मोठं आवार करायचंय: जाळी कुठली, किती खोल, किती उंच?

पातेरा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा आज पहिल्यांदाच काढते.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. मागीलदारी सतरा कोंबड्या होत्या, गेल्या मंगळवारपासून चौदा आहेत. दहा गावठी, चार गिरिराज जातीच्या, शिवाय एक कोंबडा. खुराडं चिऱ्याचं, सहा बाय आठ, वर पत्रा. त्याला लागून आठ बाय दहाचं जाळीचं आवार आहे, पण ते सात कोंबड्या होत्या तेव्हाचं. आता त्यात सगळ्या कोंबल्या की जमीन तुळतुळीत होते आणि एकमेकींची शेपटीची पिसं उपटणं सुरू. म्हणून दिवसभर मोकळ्याच सोडत होतो.

मंगळवारी दुपारी अडीचला मुंगूस आलं. मी आत भांडी घासत होते. बाहेर येईपर्यंत तीन आडव्या. एक ओढून नेली, दोन तशाच टाकून गेलं. कोंबडा पडवीच्या कौलांवर चढून बोंबलत होता. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तर आता ६०० चौरस फुटांचं आवार करायचं ठरलंय. माझं म्हणणं, गडग्याला लागून १० बाय ६० ची लांब पट्टी घ्यावी, म्हणजे एका बाजूची जाळी वाचेल. ह्यांचं म्हणणं, मोकळ्या जागेत २० बाय ३० घ्यावं. जाळी षट्कोनी, कोंबड्यांची म्हणून दुकानात मिळते तीच घ्यायची आहे. अडचण एकच, वीतभर माती काढली की खाली कातळ. चर खणून जाळी पुरणं जमणार नाही.

झटपटराव | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५८

करंट सोडा तारेत. विषय संपला.

कातळफोड्या | १२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

झटपटराव, विषय नाही, माणूस संपेल. घरची लाइन कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, आणि दरवर्षी अशा तारांना चिकटून गुरं आणि माणसं मरतात. सोलरचं झटका मशीन ही वेगळी गोष्ट. त्यात साधारण सेकंदाला एक बारीक ठोका येतो, सलग प्रवाह नसतो. पण परसात पोरंटोरं फिरत असतील तर मी तेही सुचवणार नाही.

पातेराताई, माझा धंदाच कुंपणाचा आहे, राजापूर ते लांजा. तुमचा हिशोब कागदावर बरोबर आहे. १० बाय ६० चा घेर १४० फूट, त्यातले ६० गडग्याचे वजा केले तर जाळी लागते ८० फूट. २० बाय ३० ला पूर्ण १०० फूट लागते. म्हणजे २० फूट वाचतात. पण तुमचं मुंगूस राहतं कुठे? सुक्या दगडांच्या गडग्यात. त्याच्या घराची भिंत तुम्ही कोंबड्यांच्या आवाराची भिंत करताय. दाराबाहेर ताट वाढून ठेवल्यासारखं होईल ते.

गडग्यापासून चार-पाच फूट लांब राहा आणि मधली पट्टी कोयत्याने साफ ठेवा. मुंगसाला उघड्यावरून चालणं आवडत नाही, ते कडेकडेने, आडोशाने येतं. या भांडणात मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने.

पातेरा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४१

हे वाचून दाखवलं. आता आठवडाभर मला ऐकावं लागणार.

कातळफोड्या | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आता जाळी. षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाकी कुणाला बाहेर ठेवत नाही. तार बारीक असते, कुत्रा दाताने फाडतो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत ती हाताने तुटते. चेनलिंक मजबूत, पण तिचं भोक दोन इंची. त्यातून मुंगसाचं पिल्लू सरळ जातं, मोठंही अंग चोरून जातं.

म्हणून दोन जाळ्या एकत्र वापरा. पूर्ण उंचीला चेनलिंक, आणि खालच्या भागात तिच्यावर अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली चौकोनी जाळी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा. लोक १६ ऐकून १२ पेक्षा भारी समजतात. आणि वेल्डमेश घेताना विचारा: आधी जस्त आणि मग वेल्ड, की आधी वेल्ड आणि मग जस्त? पहिल्या प्रकारात जोडाजोडावर जस्त जळलेलं असतं, गंज तिथूनच धरतो. दुसरी महाग पडते, पण कोकणात तीच घ्यावी.

कातळ आहे म्हणून रडू नका, उलट बरंच आहे. पुरायची गरजच नाही. वेल्डमेशचं चार फुटी बंडल घ्या, अडीच फूट उभी लावा आणि उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर झालरीसारखी आडवी पसरा. उकरणारं जनावर कुंपणाच्या मुळाशीच उकरायला लागतं, मागे दीड फूट सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. झालरीवर चिऱ्याचे तुकडे ठेवा, मग माती लोटा. पहिल्या पावसात गवत तिला शिवून टाकतं.

टेम्सकाठ | १३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

झालरीला माझं अनुमोदन. इकडे इंग्लंडमध्ये आमचा शत्रू कोल्हा, तोही शहरातला, निर्लज्ज. सहा कोंबड्या आहेत, झालर केल्यापासून पाच वर्षांत एकही गेली नाही. त्याआधी एका रात्रीत चार.

अवांतर: १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते, बर्ड फ्लूमुळे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, कोंबड्यांना आधार कार्ड काढलंस का रे?

मालवणी_खाजा | १३ फेब्रुवारी, रात्री ८:२०

आमच्या आजयेन जल्मात कधी जाळी हाडूक नाय. सकाळी सोडायची, तिनसांजेक हाळी मारली की सगळी खुराड्यात. पिल्ला असली तर डालग्याखाली. वाडीक करवंदीच्या काट्यांची वय (कुंपण). कोंबडी गेली तर म्हणायची, रानाचो वाटो रानान नेलो.

ताई, तुमका नको म्हणनय नाय. पण सहाशे फुटात बंद केलेली गावठी कोंबडी गावठी ती काय रवतली?

पातेरा | १३ फेब्रुवारी, रात्री ८:५५

खाजाभाऊ, आजींच्या वेळी घरात दहा माणसं असायची आणि मागीलदारी सतत कुणीतरी असायचं. कुणी भात पाखडतंय, कुणी धुणं धुतंय. तीच राखण होती. आमच्याकडे दुपारी मी आणि सासूबाई, आणि त्यांना दिसत कमी. रानाचा वाटा तीनचा झाला तर रान जास्त खातंय.

पण तुमचा मुद्दा मनाला लागला. संध्याकाळी तासभर, मी स्वतः बसून, मोकळ्या सोडणारच आहे.

निवृत्त_पशुधन | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

पस्तीस वर्षं पशुसंवर्धनात काढली, म्हणून आगाऊपणा करतो.

एक, मुंगसाला फासा, विष, सापळा काहीही लावायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. उदमांजराला आणि बाऊलालाही (रानमांजर). कुणी इथे उपाय सुचवण्याआधीच सांगून ठेवतो.

दोन, सगळे कुंपणाचं बोलताय, पावसाचं कुणी बोलत नाही. कोकणात कोंबड्या मुंगसाने मरतात त्याहून जास्त ओल्या जमिनीने मरतात. रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस, त्याची अंडी विष्ठेतून पडतात आणि ओल्या मातीत महिनोन्महिने टिकतात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना धोका सगळ्यात मोठा. चुना मारला की झालं असं समजू नका. ही अंडी चुन्याला फारशी भीक घालत नाहीत, कोरडेपणाला घालतात.

म्हणून ६०० फुटांचं एक आवार करू नका. मधे जाळी टाकून ३०० चे दोन करा. चौदा कोंबड्यांना ३०० म्हणजे डोई २१ चौरस फूट. दहाच्या खाली जाऊ नये असा साधारण दंडक आहे, तेव्हा दुप्पट झालं. एका बाजूला तीन-चार आठवडे, मग दुसरीकडे. रिकाम्या बाजूला ऊन लागतं, गवत फुटतं. खुराड्याचं तोंड दोन्हीकडे उघडेल असं दार ठेवा, म्हणजे कोंबड्या पकडत फिरावं लागणार नाही.

तीन, वरच्या अंगाला चर खणा. डोंगरावरून येणारं पाणी आवारात शिरताच कामा नये. कातळ आहे म्हणजे पाणी मुरणार नाही, वाहणार किंवा साचणार.

लसीकरण झालंय का? मानमोडीची (राणीखेत) लस लासोटा सातव्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात, मग आठव्या आठवड्यात आर-टू-बी. मोठं आवार म्हणजे रानपाखरांशी जास्त गाठ. खाद्य आणि पाणी उघड्यावर ठेवू नका. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो कोंबड्या पुरताना पाहिल्यात, ते पुन्हा बघायचं नाही.

पातेरा | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

डॉक्टरकाका, नमस्कार करते. गावठीची लस राहिलीय. गिरिराजची पिल्लं केंद्रातून आणली तेव्हा झाली होती. आज दवाखान्यात विचारते.

दोन भाग ही कल्पना इतकी साधी आहे की आपल्याला कशी सुचली नाही म्हणून दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

उसातला_वाघोबा | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

जुन्नरहून. आमच्याकडे बिबट्या आहे, त्यामुळे तुमच्या मुंगसाचा हेवा वाटतो. बिबट्याला सहा फुटी जाळी म्हणजे उंबरठा. आम्ही आवार दिवसापुरतंच मानतो. रात्री खुराडं पेटीसारखं बंद, खिडक्यांना आतून वेल्डमेश, वर पत्रा आणि पत्र्याखाली पुन्हा जाळी. आणि कोंबड्या कोंडायला अंधार पडल्यावर जायचं नाही. दिवेलागणीच्या आधी दार लागलं पाहिजे, कोंबड्यांसाठी नाही, आपल्यासाठी.

तुमच्या खुराड्याला झरोके असतील ना? ते बघा आधी. आवारावर हजारो रुपये घालतात आणि झरोका तसाच उघडा.

पातेरा | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

बघितलं. दोन झरोके आहेत, दोन्हीत माझी मूठ जाते. म्हणजे उदमांजराचं डोकं जाणार. आज दुपारी त्यांना जाळी ठोकते. धागा काढल्याचे पैसे इथेच वसूल.

आता उंची. गावठी कोंबड्या उडून फणसावर बसतात. सहा फूट पुरे का? आणि घारीसाठी वर काय?

कातळफोड्या | १५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

सहा फूट पुरे, एका अटीवर: वर आडवा पाइप किंवा बांबू लावू नका. कोंबडी सरळ पलीकडे उडत नाही. आधी कडेवर बसते, मग उतरते. वर पक्की दांडी दिसली की तिला जिना मिळाला. चेनलिंकची वरची फूटभर जाळी ताण न देता, सैल आणि किंचित बाहेर झुकलेली सोडा. बसायला गेली की डुगडुगते. मुंगसाला आणि मांजरालाही चढताना तीच अडचण. तरी एखादी हट्टी निघाली तर एका पंखाची लांब पिसं कातरा. दोन्ही नाही, एकाच. तोल जातो म्हणून उडत नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा कातरायची.

खांब आठ फुटांवर. घेराला तेरा, फाटकाचा एक जास्त, मधल्या जाळीला दोन, म्हणजे सोळा. कातळात ब्रेकरने फूटभर भोक पाडून सिमेंट भरा. बांबू कातळात रोवता येत नाही आणि जिथे येतो तिथे वाळवी खाते.

निवृत्त_पशुधन | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:००

घार मोठी कोंबडी क्वचितच उचलते, तिचा डोळा पिल्लांवर. शिक्र्याचाही. पिल्लांसाठी तुमचं जुनं आठ बाय दहाचं आवार आहेच, त्याला वरून जाळी घाला आणि ते बालवाडी म्हणून ठेवा. मोठ्या आवारात फणसाखालच्या भागाला वरून काही नको. घारीला झेप घ्यायला मोकळं आकाश लागतं.

मागच्या_दाराचा_राजा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

वरून नायलॉनची जाळी टाकणार असाल तर ती जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, ही विनंती. मी कुडाळात रापणीचं जुनं जाळं आणून सगळ्या बाजूंनी सोडलं होतं. एका सकाळी त्यात धामण अडकलेली, सात-आठ फुटांची. जितकी ओढत होती तितकी तार कातडीत रुतत होती. सर्पमित्राने कात्रीने एकेक गाठ कापून काढली, तासभर लागला. तो म्हणाला, आठवड्याला अशी एक तरी येते. तेव्हापासून नायलॉन फक्त वर. खाली गुडघ्यापर्यंत लोखंडीच.

झटपटराव | १५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

बरं, करंट राहू दे. गेट बाहेर उघडणारं करायचं की आत?

कातळफोड्या | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पहिल्यांदाच कामाचं बोललात. आत. हातात खाद्याचं घमेलं असतं, ढकलून आत जाता येतं. दार ढकलल्यावर समोरच्या कोंबड्या मागे सरतात. बाहेर उघडलं की त्या पायातून सटकतात. आणि बाहेरून कुत्र्याने रेटलं तर टिकावं म्हणून कडी दोन ठिकाणी, वर आणि खाली. फाटकाखाली चिऱ्याचा उंबरठा द्या. शंभर फूट कुंपण पक्कं करून फाटकाखाली चार बोटं फट ठेवणारे मी खूप पाहिलेत. मुंगूस तिथूनच आत जातं.

पातेरा | ९ मार्च, रात्री ८:३०

काम झालं. शुक्रवारी सुरू, सोमवारी संपलं. दोन माणसं, एक ब्रेकर, आणि सल्ले द्यायला अख्खी वाडी.

२० बाय ३०, मधून जाळी, एका अर्ध्यात फणस, दुसऱ्यात कलमं. कलमांच्या बाजूला नायलॉन फक्त वरून टाकलंय. जाळी, खांब, सिमेंट, मजुरी धरून २९ हजारांच्या आसपास गेले. वेल्ड करून मग जस्त चढवलेली वेल्डमेश रत्नागिरीत मिळेना, ती कोल्हापूरहून एस.टी.ने मागवली. त्या बंडलाचं तिकीट माझ्यापेक्षा जास्त.

एक चूक झाली. झालर फणसाच्या मुळांपाशी आली तिथे कापून सोडावी लागली, दोन हात जागा उघडी. तिथे चिरे रचलेत. बघू.

सोडल्यावर पहिली दहा मिनिटं एकही कोंबडी पुढे जाईना. जुन्या आवाराएवढ्याच जागेत घुटमळत होत्या. मग एक गिरिराज पानांत घुसली आणि पाठोपाठ सगळ्या. गडग्यापासून कलमांपर्यंतचा सगळा पातेरा झाडून आत टाकलाय, वीतभर थर. दिवसभर उकरतात.

निवृत्त_पशुधन | ९ मार्च, रात्री ९:००

पातेरा पावसाळ्यासाठीही पोत्यांत भरून ठेवा. जूनमध्ये सुकं पान सोन्याच्या भावाने मिळणार नाही. ओल धरलेला थर काढून कलमांच्या आळ्यात टाकायचा आणि सुका पसरायचा. आणि एक कोपरा पत्र्याखाली घ्या, निदान शंभर चौरस फूट. सलग आठ दिवस पाऊस लागला की त्या खुराड्याच्या दारातच उभ्या राहतात. तिथे राख आणि माती मिसळून ठेवली तर अंग घोळायला कोरडी जागा होते, उवा-पिसवा कमी राहतात.

पातेरा | १७ ऑगस्ट, दुपारी ३:२०

धागा वर काढते, काहींनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं म्हणून.

पावसात आवार टिकलं. डोक्यावरचा चर नसता तर टिकलं नसतं. जुलैत एका रात्रीत तो भरून वाहिला आणि सकाळी फणसाच्या बाजूला घोट्याएवढं पाणी होतं. चर हातभर रुंद केला, आता ठीक. जुलै-ऑगस्टमध्ये काकांचं चार आठवड्यांचं गणित बसलं नाही, दर दहा दिवसांनी बाजू बदलावी लागली. साठवलेली अठरा पोती संपली, सध्या भाताचा तूस टाकतेय. पत्रा शंभर फुटांचा घातलाय, दीडशेचा हवा होता.

कोंबडी एकही गेली नाही. अठरा पिल्लं निघाली, त्यातली दोन गारठून मेली, सोळा बालवाडीत आहेत. वाडीतल्या बायकांनी मिळून डॉक्टरांना बोलावलं आणि एकाच दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना आर-टू-बी दिली.

मुंगूस अजून आहे. रोज नऊ-साडेनऊला गडग्यातून निघतं, झालरीवर पाय पडला की थांबतं, मग कडेकडेने फाटकापर्यंत चालत येतं, उंबरठा हुंगतं आणि परत जातं. फणसाच्या मुळांपाशी चिरे रचले होते तिथली माती दोनदा उकरलेली दिसली.

कातळफोड्या | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

चिरे काढा. वेल्डमेशचे हातभर तुकडे मुळाच्या आकाराला कापून दोन थरांत ठेवा, तारेने झालरीला शिवा आणि वरून कॉंक्रीटचा ओघळ सोडा. मूळ जाड होतं, त्यामुळे त्याच्याभोवती बोटभर जागा सोडून. उद्याच करा. तो रोज येतोय म्हणजे त्याचं लक्ष तिथेच आहे.

पातेरा | १८ ऑगस्ट, रात्री ८:१०

केलं. सकाळी नऊला मी सिमेंट कालवत असताना तो गडग्यावर बसून बघत होता. कोंबडा पुन्हा कौलांवर.